उसवायचं की जपायचं? काकूंच्या माघारी आमच्या विणकाम गटाचं प्रकरण

हे आमच्याच गटात घडलेलं आहे. नाव कोणाचंच दिलेलं नाही, ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. निर्णय मात्र जसे झाले तसेच, चुकलेलेसुद्धा, इथे मांडले आहेत. एकाच्या हातात सगळी कला आणि बाकीचे मदतीला, अशा रीतीनं चालणारं सेवाकार्य ज्यांच्याकडे असेल त्यांना हे उपयोगी पडावं.

पार्श्वभूमी

मध्य रेल्वेवरच्या एका उपनगरात आमचा चौदा जणींचा गट आहे. दर बुधवारी दुपारी तीन ते पाच आम्ही वाचनालयाच्या मागच्या खोलीत जमतो आणि क्रोशानं एकच वस्तू विणतो. स्तनाच्या कर्करोगामुळे ज्यांचा स्तन काढावा लागला, त्यांना ब्लाउजच्या आत ठेवता येईल अशी सुती, हलकी, धुता येणारी वस्तू. तिला आम्ही ‘वाटी’ म्हणतो. हा शब्द काकूंचा. लोकलमध्ये, दुकानात, घरी सासऱ्यांसमोर फोनवर न अडखळता बोलता यावं म्हणून त्यांनी तो रुळवला.

काकू सरकारी कचेरीत कारकून होत्या. नोकरीची तीस-बत्तीस वर्षं लेडीज डब्यात गेली. आजूबाजूला कोणी मटार सोलतंय, कोणी गजरा ओवतंय, आणि काकू खिडकीशी बसून तोरणं, रुमालाच्या कडा, बाळांची टोपडी विणत असायच्या. समोरच्या बाईनं नुसतं टक लावून पाहिलं तरी दुसरी सुई काढून तिच्या हातात द्यायच्या. आमच्या गटातल्या तिघी त्यांना अशाच गाडीत भेटल्या.

वाटीची सुरुवात त्यांच्या धाकट्या जाऊबाईंमुळे झाली. शस्त्रक्रियेनंतर त्या ब्लाउजमध्ये जुन्या बनियनची घडी ठेवायच्या. घरच्या लग्नात वडीलधाऱ्यांना वाकून नमस्कार करताना ती घडी निसटली आणि पायाशी पडली. कोणी काही बोललं नाही. जाऊबाई मात्र त्यानंतर वर्षभर कोणत्याच कार्याला गेल्या नाहीत. काकूंनी घरात होता तो सुती दोरा घेतला आणि विणायला बसल्या.

ही कल्पना त्यांची एकटीची नव्हती, आणि त्या ते सांगायच्याही. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या बार्बरा डेमोरेस्ट यांनी २०११ मध्ये स्वतःच्या शस्त्रक्रियेनंतर हाताने विणलेले कृत्रिम स्तन मोफत पोहोचवायची चळवळ सुरू केली. तिची विणीची कृती सगळ्यांना खुली आहे. मुंबईतही हे काम करणारे गट उभे राहिले. गरज तर डोळ्यांपुढे आहे. भारतात बायकांना होणाऱ्या कर्करोगात स्तनाचा कर्करोग पहिल्या क्रमांकावर आहे. २०२२ या एका वर्षात देशात सुमारे १ लाख ९२ हजार नव्या रुग्ण झाल्याचा अंदाज ‘ग्लोबोकॅन’ या कर्करोगाच्या जागतिक आकडेवारीत आहे. आपल्याकडे आजार बरेचदा उशिरा लक्षात येतो, त्यामुळे पूर्ण स्तन काढावा लागण्याचं प्रमाणही मोठं. बाजारात मिळणाऱ्या सिलिकॉनच्या स्तनाला काही हजार रुपये पडतात. तो जड असतो आणि मुंबईच्या घामात चिकटतो. परळला टाटा मेमोरियल हे कर्करोगाचं रुग्णालय १९४१ पासून आहे. तिथे उपचाराला येणाऱ्या आणि दादर-परळच्या धर्मशाळांत, नातेवाइकांच्या एका खोलीत दिवस काढणाऱ्या बाईला औषधांपुढे हा खर्च सुचतसुद्धा नाही.

काकूंचं वेगळेपण मात्र इथून पुढे सुरू होतं. परदेशी कृती ब्रेसियर गृहीत धरते. आमच्याकडे नाव नोंदवणाऱ्या निम्म्या बायका आयुष्यात ब्रेसियर वापरलेल्या नव्हत्या. कोणी पुढे गाठ मारायची चोळी घालणारी, कोणी घट्ट शिवलेला ब्लाउज. नुसती वाटी दिली तर ती राहणार कशात? म्हणून काकू त्यांचा एक जुना ब्लाउज मागवून घ्यायच्या आणि आतून मलमलीचा खिसा हातशिलाईनं लावून द्यायच्या. खिशाचं तोंड काखेच्या बाजूला, म्हणजे वाकलं तरी वाटी बाहेर येत नाही. लग्नातला तो प्रसंग त्या कधी विसरल्या नाहीत.

लोकर त्यांनी कधीच वापरली नाही. किरणोपचारानं नाजूक झालेल्या कातडीला लोकर टोचते. आत पॉलिस्टरचा कापूस, बोटांनी पिंजून मोकळा केलेला. मागची बाजू शिवून बंद न करता नाडीनं आवळलेली, म्हणजे कापूस काढून वाटी धुता येते आणि पावसाळ्यातही रात्रीत वाळते. जखम पूर्ण भरून डॉक्टरांनी होकार दिल्याशिवाय त्या कुणालाही वाटी देत नसत. पैसे एकीकडूनही घेतले नाहीत. कोणी फारच आग्रह केला तर म्हणायच्या, “दोऱ्याचं एक रीळ आण येताना, पुढचीला होईल.”

२०१६ पासून २०२३ च्या फेब्रुवारीपर्यंत हे असं चाललं. लॉकडाउनमध्ये बुधवार बंद पडले, तेव्हा त्या एकट्या घरी विणत राहिल्या आणि लोकल सुरू झाल्यावर पिशव्या भरून घेऊन आल्या. त्या फेब्रुवारीत एका पहाटे, झोपेतच, त्या गेल्या. वय ७१.

अडचण

तेराव्यानंतरच्या बुधवारी आम्ही जमलो तेव्हा दोन गोष्टी कळल्या.

पहिली म्हणजे, यादीत ३७ बायका थांबलेल्या होत्या. दुसरी कळायला तासभर लागला. काकूंसारखी वाटी आमच्यापैकी कुणालाच विणता येत नव्हती.

हे लिहितानाही मला अवघडल्यासारखं होतं. सात वर्षं आम्ही त्यांच्या शेजारी बसून विणत होतो. पण नीट आठवून पाहिलं तर आमची कामं ठरलेली होती. कोणी सुरुवातीचे फेर घालायची, कोणी नाडी ओवायची, कोणी कापूस पिंजायची, कोणी पाकिटं आणि पत्ते. मधला आकार काकू घ्यायच्या. अर्धं विणून त्यांच्याकडे सरकवायचं आणि पुढच्या बुधवारी ते पुरं होऊन यायचं, ही सवयच पडली होती. “काकू, हे दाखवा ना” असं कोणी म्हटलं की त्या दाखवायच्या, पण त्यांचा हात इतक्या सहज चालायचा की पाहणाऱ्याला वाटायचं, कळलं. त्यांनी काही लपवलं नव्हतं. आम्हीच विचारलं नव्हतं.

घरच्यांनी त्यांच्या तीन पिशव्या आणून दिल्या. दोरे, सुया, एक पत्र्याचा डबा आणि निळ्या पुठ्ठ्याची वही. वहीत कृती असेल या आशेनं आम्ही ती उघडली. आत फक्त बायका होत्या. ‘बार्शी, डावी, ३६, रंग गव्हाळ, चोळी.’ ‘उजवी, ३२, सावळी, नातीच्या बारशाच्या आधी हवी.’ पान उलटावं तशी नावं, फोन नंबर, आणि समासात बारीक अक्षरात एखादं वाक्य : ‘नवऱ्याला सांगू नका म्हणाली, पार्सल बहिणीकडे.’ विणीबद्दल एक ओळ नाही. ती त्यांना लिहायची गरजच नव्हती.

तिसऱ्या पिशवीत दोन वाट्या होत्या. एक अर्धी, सुई अजून टाक्यात अडकलेली. दुसरी पुरी, फक्त कापूस भरायची राहिलेली, आणि तिला टाचणीनं लावलेली चिठ्ठी : लातूर.

कोणते पर्याय होते

त्या दिवशी आणि पुढच्या आठवड्यात खूप बोलणं झालं, बरंचसं रडत. आता मागे वळून पाहताना दिसतं, की आम्ही दोन वेगळे प्रश्न एकात एक गुंतवले होते. थांबलेल्या बायकांचं काय करायचं, हा एक. काकूंची आठवण कशी ठेवायची, हा दुसरा. गुंता झाल्यामुळे दुसऱ्या प्रश्नावर जास्त वेळ गेला, कारण तो सोपा होता.

आठवणीसाठी सुचलं ते असं : वर्षश्राद्धाला स्मरणिका काढायची, त्यांच्या नावानं हस्तकलेचं बक्षीस ठेवायचं, वाचनालयात तसबीर लावायची. काका, म्हणजे त्यांचे यजमान, पैसे द्यायला तयार होते. स्मरणिकेत वहीची दोन-तीन पानं जशीच्या तशी छापावीत, त्यांचं अक्षर लोकांना दिसेल, असंही एकीनं सुचवलं. ते मनापासून सुचवलेलं होतं आणि क्षणभर सगळ्यांना पटलंही. मग गटातली सर्वांत धाकटी, जी एरवी बोलत नाही, म्हणाली, “त्यात त्या बायकांची नावं आहेत. त्यांनी काकूंना सांगितलं होतं, आपल्याला नाही.” वही त्याच दिवशी बंद झाली. ती आता कुलपात असते, थांबलेल्यांचे नंबर दोघींनी उतरवून घेतलेत, आणि ज्यांना वाटी पोहोचली त्यांच्या नोंदींना आम्ही हात लावत नाही. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सर्वांत चांगला निर्णय हाच, आणि तो एका वाक्यात झाला.

थांबलेल्या बायकांसाठी चार वाटा दिसत होत्या. यादी दुसऱ्या गटाकडे सोपवायची. वर्गणी काढून तयार फोमचे स्तन विकत घ्यायचे. इंटरनेटवरची कृती घेऊन आपणच विणायचं. किंवा काकूंची पद्धत शोधून काढायची, कितीही वेळ लागो.

दुसऱ्या गटाकडे द्यायला मन घेईना. खरं सांगायचं तर त्यात बायकांपेक्षा आमचा विचार जास्त होता : बुधवार बंद पडतील ही भीती. फोमच्या पर्यायात ब्लाउजच्या खिशाचा प्रश्न तसाच राहत होता. चौथ्या वाटेला किती दिवस लागतील याचा अंदाज नव्हता, आणि बायका तर थांबलेल्या. म्हणून तिसरी वाट धरली.

पहिला प्रयत्न, आणि तो का फसला

एप्रिलपर्यंत आम्ही इंटरनेटवरच्या कृतीनं अकरा वाट्या विणल्या, खिसे शिवले आणि पाठवल्या. पोहोचल्याचे फोन आले. सगळ्या “छान आहे” म्हणाल्या. आम्ही खूश झालो, एकीनं पेढेसुद्धा आणले.

मे महिन्यात साताऱ्याकडच्या एका मावशींचा फोन आला. आधी त्यांनी आमच्या सगळ्यांची विचारपूस केली, आंब्यांचं विचारलं. मग हळूच म्हणाल्या, “ताई, चांगलंय, पन वर सरकतंय. पदर सारखा करत बसावं लागतंय. तुमी एवढं केलंय, म्हणून बोलत नव्हते.”

त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी उरलेल्या दहा जणींना आम्ही स्वतः फोन केले, आणि “आवडली का” असं न विचारता “काल घातली होती का” असं विचारलं. सात जणींनी वाटी कपाटात ठेवून दिली होती. एक पुन्हा बनियनच्या घडीवर गेली होती. फुकट मिळालेल्या वस्तूत खोट काढू नये हा आपल्या बायकांवरचा संस्कार. त्यामुळे त्या गप्प राहिल्या तेव्हा आम्ही ते समाधान समजून बसलो.

अकराही परत मागवल्या. पार्सलचा खर्च आम्ही केला आणि माफीची चिठ्ठी हाताने लिहिली.

निर्णायक प्रश्न : उसवायचं का?

आता चौथी वाट उरली. गटात निवृत्त गणिताच्या बाई आहेत. त्यांचं म्हणणं सरळ होतं, “विणलेली प्रत्येक गोष्ट म्हणजे लिहून ठेवलेली कृतीच असते. ती वाचायची तर उलट दिशेनं वाचावी लागेल.” म्हणजे उसवावी लागेल.

अर्धी वाटी उसवायला कुणाची हरकत नव्हती. ती उसवली आणि थोडं हाती लागलं. मधोमध सहा मुके खांब (क्रोशाचे आखूड टाके), मग बारा, मग अठरा. प्रत्येक फेरात सहा-सहा वाढवत गेलं तर चकती सपाट होते, ताटलीसारखी. काकूंनी अठरानंतर दर वाढीच्या फेरामागे एक फेर न वाढवता घातला होता, म्हणून फुगवटा येत होता. पण हे आमच्या अकरा वाट्यांतही जवळपास असंच होतं. खालचा भरदारपणा, ज्यामुळे काकूंची वाटी जागच्या जागी बसायची, तो पुढच्या फेरांत होता. आणि ते फेर फक्त लातूरच्या वाटीत होते.

त्या एका वाटीवर तिघांचा हक्क होता. काकांना ती हवी होती. पत्नीच्या हातचं शेवटचं पुरं काम, दुसरं काय मागत होते ते! लातूरच्या बाईंची तर ती हक्काचीच, त्यांच्या मापानं विणलेली, डिसेंबरपासून त्या वाट पाहत होत्या. आणि आम्हाला ती उसवायची होती.

आमच्यातल्या दोघींना उसवणं सहन होत नव्हतं. एक म्हणाली, “गेलेल्या माणसाचं काम मोडायचं म्हणजे काय?” तिला उत्तर देण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. फोटो काढून, आतून-बाहेरून पाहून, टाके मोजून काम भागतंय का हे बाईंनी दोन बुधवार पाहिलं. त्यांचं विणकाम इतकं घट्ट की एका टाक्यातून दोन खांब, म्हणजे वाढ, कुठे निघालेत ते भिंगानंही नक्की दिसेना.

शेवटी आम्ही लातूरला फोन केला. आधी काकूंची बातमी सांगितली. त्या बाईंना ती माहीतच नव्हती. बराच वेळ पलीकडून काही आवाज नाही. मग सगळं खरं ते सांगितलं : वाटी तयार आहे, तुमची आहे, हवी तर उद्या पाठवतो. उसवली तर पुढच्या बायकांना होईल, पण तुम्हाला अजून थांबावं लागेल. त्या म्हणाल्या, “उसवा की. दोरा कुटं जायलाय पळून?”

काकांना सांगायला मी आणि बाई घरी गेलो. त्यांनी वाटी हातात घेतली, उलटसुलट केली, आणि विचारलं, “तिला जमलं नाही ते एखादं काम तिनं किती वेळा उसवलं असेल, मोजलंय का कोणी?” मग आत जाऊन सुनेला चहा टाकायला सांगितलं. आम्ही त्याला होकार समजलो. आज वाटतं, तो नीट शब्दांत विचारून घ्यायला हवा होता. पुढे काही महिन्यांनी ते सहज म्हणाले, की एक दिवस तरी ती वाटी घरात देव्हाऱ्याजवळ ठेवायची होती. ते आम्हाला सुचलंच नाही.

काय केलं

जूनमधला बुधवार. खोलीत पंखा बंद केला, दोरा उडू नये म्हणून. बाईंनी शेवटच्या टाक्याची गाठ सुईच्या टोकानं सैल केली आणि दोरा ओढला. एक खांब, दुसरा, तिसरा. धाकटी मोठ्यानं मोजत होती. एका टाक्यातून दोन खांब सुटले की बाई हात थांबवायच्या आणि आपल्या वहीत खूण करायच्या. उसवणं शेवटाकडून सुरुवातीकडे जातं, म्हणून त्या पानाच्या तळापासून वर लिहीत गेल्या. दोऱ्याला टाक्यांची सवय राहिली होती, तो सरळ होत नव्हता. मांडीवर त्याच्या कुरळ्या वळ्यांचा ढीग साचत गेला. पाच वाजले तरी कोणी उठलं नाही. वाचनालयाचे शिपाईदादा कुलूप लावायला आले आणि दारातच उभे राहिले.

हाती लागलं ते हे. अठ्ठेचाळीस खांबांपर्यंत वाढ चारी बाजूंनी सारखी. त्यापुढे मात्र सगळी वाढ खालच्या अर्ध्या भागात, वरचा अर्धा भाग साधा. त्यामुळे वर उतरती, खाली भरलेली अशी वाटी होते, खऱ्या अंगासारखी.

आणखी एक गोष्ट. काकूंच्या प्रत्येक वाटीच्या कडेला डाळिंबी दोऱ्याची एक बारीक गाठ असायची. आम्ही समजत होतो, दृष्ट लागू नये म्हणून असेल. ती गाठ नेमकी वाढ नसलेल्या बाजूच्या मधोमध निघाली. ती ‘ही बाजू वर’ अशी खूण होती. ज्या बायकांना वाटी मिळाली त्या सगळ्यांना ते माहीत होतं, काकू फोनवर समजावून सांगायच्या. आम्हाला कधी गरज पडली नव्हती, म्हणून आम्हीच अंधारात.

तळाशी, अस्तराच्या आत, एक चिमुकली मलमलीची पुरचुंडी होती. ती सोडली तर आत सागरगोटे. सात. तेव्हा काकूंच्या सागरगोट्यांनी भरलेल्या पत्र्याच्या डब्याचा उलगडा झाला. हलकी वाटी वर सरकते, म्हणून तळाला जरा वजन. गुळगुळीत, टोचत नाहीत, पाण्यानं खराब होत नाहीत आणि धुताना पुरचुंडी काढून ठेवता येते. गटातल्या सगळ्या त्या दिवशी पहिल्यांदा हसल्या. एकीनं पाच उचलून खेळूनही दाखवले.

त्याच दोऱ्याचा गोळा करून धाकटीनं वाटी पुन्हा विणायला घेतली. पहिली ढगळ झाली. दुसरीही. टाक्यांची संख्या बरोबर, माप चुकतंय. मग कोणाच्या तरी लक्षात आलं, की ती आपल्या साडेतीन मिलिमीटरच्या सुईनं विणतेय. काकूंची सुई अडीचची होती, अंगठ्याच्या जागी घासून गुळगुळीत झालेली. ती हातात घेतल्यावर तिसऱ्या खेपेला माप जुळलं. जुलैच्या शेवटी वाटी लातूरला गेली, डाळिंबी गाठीसकट. पंधरा दिवसांनी आम्ही फोन करून विचारलं, “काल घातली होती का?” “काल बी, आज बी,” त्या म्हणाल्या.

काय निष्पन्न झालं

यादीतल्या ३७ पैकी ३१ जणींना दिवाळीपर्यंत वाटी मिळाली. चौघींनी मधल्या काळात दुसरीकडून सोय केली होती. दोघी त्या काळात वारल्या. त्या दोघींपैकी एकीच्या नावापुढे काकूंनी ‘नातीच्या बारशाच्या आधी’ असं लिहिलेलं होतं. आम्ही एप्रिलमध्ये पाठवलेल्या अकरांत तिची वाटी होती. बारशाला तिनं ती घातली की नाही, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

बाईंचं पान आता सुवाच्य करून, सुलट क्रमानं, तीन मापांत लिहिलेलं आहे. ते मागेल त्याला देतो. दोन गावांतल्या बचत गटांनी नेलं आणि एका गटानं सुधारणाही सुचवली : चोळी घालणाऱ्यांसाठी खिशाऐवजी दोन बंद. काकूंना ते नक्की आवडलं असतं.

वर्षश्राद्धाला स्मरणिका निघाली नाही. काकांनी त्या पैशांचा दोरा घेऊन दिला, गव्हाळ, सावळा आणि गडद, तिन्ही रंगांत. आधी आमच्याकडे फिकट रंगच जास्त असायचा आणि सावळ्या बायकांना तो निमूटपणे घ्यावा लागायचा. त्या दिवशी वाचनालयाच्या खोलीत जेवायला लातूरच्या बाई आल्या होत्या, जाऊबाई आल्या होत्या. जाऊबाईंनी सगळ्यांना वाढलं, पंगतीत वाकून.

पुन्हा वेळ आली तर

काकू असतानाच एका बुधवारी त्यांच्या हातावर फोनचा कॅमेरा धरला असता तर पुढचे पाच महिने वाचले असते. आम्ही त्यांचे फोटो पुष्कळ काढले, सगळे हसऱ्या चेहऱ्याचे. हात एकाही फोटोत नीट नाहीत. आता गटात जी कोणी नवीन काही करते, तिनं ते दुसरीला शिकवून, तिच्याकडून करवून घेतल्याशिवाय आम्ही ‘झालं’ म्हणत नाही. यात वेळ जातो आणि कधी कधी कंटाळाही येतो.

यादी निदान अर्धी तरी दुसऱ्या गटाकडे लगेच द्यायला हवी होती, असं मला आता स्पष्ट वाटतं. गटातल्या सगळ्यांना ते पटत नाही. काहींच्या मते तसं केलं असतं तर आम्ही उसवायच्या टोकापर्यंत गेलोच नसतो आणि काकूंची पद्धत कायमची गेली असती. दोन्ही खरं असू शकेल. पण मला त्या दोघी आठवतात.

वस्तू पोहोचल्यानंतर पंधरा दिवसांनी आणि तीन महिन्यांनी फोन करायचा, आणि तो विणणारीनं नव्हे तर दुसरीनं करायचा, हे ठरवून टाकलं आहे. विणणारीला कोणी खरं सांगत नाही.

टाका किती घट्ट ओढायचा हे मात्र पानावर लिहिता आलेलं नाही. बाईंनी प्रयत्न केला, ‘मध्यम’ लिहिलं, खोडलं. ते अजून शेजारी बसूनच शिकवावं लागतं. काकूंची अडीचची सुई त्यासाठीच ठेवली आहे. नवीन आलेलीला पहिले दोन बुधवार ती वापरायला देतो.

डब्यातले सागरगोटे संपत आलेत. मे महिन्यात एकजण गुहागरला माहेरी जाणार आहे. समुद्राकडेच्या कुंपणातून पिशवीभर आणते म्हणालीय.